गच्चीवरच्या पत्र्याचं माप : १२ + ३ = १५ का नाही?

गच्चीवाला (मानेवाडा, नागपूर) | १० मे, रात्री १०:१२

मंडळी, प्रश्न घरगुती आहे, पण गणित विभागात टाकतोय कारण घरात त्यावरून वाद पेटलाय.

गच्चीवर जिन्याच्या खोलीला लागून पत्र्याचं शेड टाकायचं आहे. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना कारण सांगायला नको. वरच्या खोलीची भिंत रात्री नऊ वाजताही तव्यासारखी असते, कूलर नुसता गरम वारा फेकतो.

मापं अशी: जिन्याच्या खोलीच्या भिंतीपासून समोरच्या पॅरापेटपर्यंत (गच्चीच्या कठड्यापर्यंत) १२ फूट. पत्र्याची उंची भिंतीकडे १० फूट, पॅरापेटकडे ७ फूट. म्हणजे ३ फुटांचा उतार. रुंदी १६ फूट.

आता पत्रा किती लांबीचा सांगायचा? मी दुकानात फोन करून १२ फूट सांगून बसलो होतो. वेल्डिंगवाला म्हणतो, "साहेब, डोळे मिटून १३ सांगा." मुलगी यंदा दहावीत गेली, ती म्हणते १२.३७. मी आपली अक्कल लावली: १२ आडवे, ३ खाली, झाले १५. त्यावर ती अशी हसली की मी मुकाट्याने गच्चीवर जाऊन बसलो.

रंगीत पत्रा मापाने कापून मिळतो आणि एकदा कापला की परत घेत नाहीत. दुकानदार दोन दिवस थांबायला तयार आहे. काय सांगू?


तर्रीपोहे | १० मे, रात्री १०:३१

भाऊ, १५ चाच घ्या. पुढे जो अडीच फूट लोंबेल त्याच्या सावलीत मी पोह्याचा ठेला लावतो.


निवृत्त_मास्तर | ११ मे, सकाळी ६:०५

गच्चीवाले, मुलगी बरोबर आहे. तुम्ही पूर्ण चूक नाही, तुम्ही वेगळ्या प्रश्नाचं उत्तर काढलंत. एखादी मुंगी भिंतीवरून सरळ ३ फूट खाली उतरली आणि मग आडवी १२ फूट चालली, तर ती १५ फूट चालली. पत्रा मुंगीच्या वाटेने जात नाही, तो तिरपा कापत जातो. तिरपी वाट १५ पेक्षा नेहमी कमीच भरणार, आणि १२ पेक्षा जास्त. एवढं आधी मनात ठेवा म्हणजे १२ आणि १५ दोन्ही उत्तरं गणित न करताच बाद होतात.

आता किती कमी? बेरीज लांब्यांची होत नाही, वर्गांची होते. १२ फूट बाजूचा चौरस काढून त्यात फूट बाय फूट फरशा बसवल्या तर १४४ लागतील. ३ फुटाच्या चौरसात ९. या १५३ फरशा एकत्र करून एकच मोठा चौरस केला, तर त्याची बाजू म्हणजे तुमचा पत्रा. √१५३.

वर्गमूळ तोंडी काढायचं असेल तर आमच्या काळची युक्ती: १५३ च्या जवळचा पूर्ण वर्ग १४४, मूळ १२. उरले ९. त्याला १२ च्या दुपटीने, म्हणजे २४ ने भागा. ०.३७५. उत्तर १२.३७५. खरं मूळ १२.३६९ च्या आसपास आहे. पत्र्याच्या कामाला एवढा फरक मोजावा लागत नाही.


दहावीची_आई | ११ मे, सकाळी ८:४८

सर, धागा बरा निघाला. आमच्याकडे हाच धडा सुरू आहे, भूमितीतला दुसरा, पायथागोरसचे प्रमेय. मुलाला सूत्र पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणतो. पण काल गणित होतं: कर्ण २६, एक बाजू १०, दुसरी काढा. त्याने २६ चा वर्ग अधिक १० चा वर्ग केला, ७७६, आणि मूळ येत नाही म्हणून पुस्तकातच चूक आहे असं जाहीर केलं.


निवृत्त_मास्तर | ११ मे, सकाळी ९:२०

हे दरवर्षी होतं ताई. चाळीस वर्गांत चाळीस वेळा पाहिलंय. मुलं "वर्ग करा, मिळवा, मूळ काढा" अशी पाककृती पाठ करतात. पाककृतीत कर्ण कुठला हे कोणी विचारत नाही.

त्याला सांगा, सूत्राआधी काटकोन शोध. आकृतीत काटकोनाची छोटी चौकट असते, तिच्यावर बोट ठेव. तिच्या नेमकी समोर जी बाजू, तो कर्ण. तो दिलेला असेल तर वजाबाकी, काढायचा असेल तर बेरीज. तुमच्या गणितात कर्ण दिलाय: ६७६ − १०० = ५७६, मूळ २४. आणि उत्तर आल्यावर पडताळा: कर्णापेक्षा मोठी बाजू आली तर खोडरबर घ्या.

जाता जाता, १०, २४, २६ म्हणजे ५, १२, १३ ची दुप्पट. पुस्तकातली बहुतेक गणितं अशा त्रिकुटांवरच बेतलेली असतात: ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५. मुलांना ती ओळखता आली की अर्धा वेळ वाचतो. तोटा असा की पूर्णांक न आला की मुलं घाबरतात. गच्चीवाल्यांची गच्ची काही पुस्तक पाहून बांधलेली नाही.


सिव्हिलवाली | ११ मे, दुपारी १:१५

गच्चीवाले दादा, दुकानात "बारा पॉइंट सदतीस" असं चुकूनही सांगू नका. माझ्या पहिल्या साइटवर मी ही चूक केली होती. मी १२.३७ लिहून दिलं आणि मिस्त्रीने ते १२ फूट ३ इंच ७ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असं वाचलं. दोष त्याचा नाही, त्याच्या जगात टिंबानंतर इंचच येतात.

फुटाचे दशांश म्हणजे इंच नव्हेत. ०.३७ ला १२ ने गुणा: ४.४४ इंच. वरच्या ०.४४ ला ८ ने गुणा म्हणजे सूत निघतील, साडेतीन. म्हणजे १२ फूट ४ इंच साडेतीन सूत. मास्तरांच्या तोंडी उत्तरातला आणि खऱ्या मुळातला फरक मी काढून पाहिला, अर्धा सूत भरतो. कटरच्या पातीची जाडी त्याहून जास्त असते.

आणि हे निव्वळ तिरपं अंतर झालं. पुढे पाणी पॅरापेटच्या बाहेर पडायला हवं असेल तर पत्रा किमान सहा इंच बाहेर काढा, भिंतीकडेही थोडा जास्त हवा. पण फार लोंबवू नका. मेच्या शेवटी एक वावधन सुटलं की लोंबता पत्रा आधी उचलला जातो.


काटोलकर_बागाईतदार | ११ मे, दुपारी ३:४०

आमचंही एक ऐका. मी शाळेत गणितात काठावर पास, पण हे प्रमेय मले बापानं बांधावर शिकवलं, पायथागोरसचं नाव न घेता.

संत्र्याची लागवड आम्ही सहा बाय सहा मीटरवर करतो. पहिली ओळ बांधाला धरून टाकली की दुसरी ओळ तिच्याशी बरोबर काटकोनात पाहिजे, नाहीतर दहाव्या झाडापर्यंत ओळ कुठच्या कुठं जाते. गुण्या (गवंड्याची काटकोनी पट्टी) लावून काही होत नाही, दोन फुटाच्या गुण्यात केसभर चूक म्हणजे दोनशे फुटावर हातभर. म्हणून दोरी. एका ओळीवर ३० मीटरवर खुंटी, दुसरीकडे अंदाजानं ४० मीटरवर खुंटी, आन् दोन खुंट्यांमधलं अंतर ५० भरेपर्यंत दुसरी खुंटी सरकवत राहायची. पन्नास भरलं की काटकोन झाला. तीन-चार-पाच फुटावर करणारेही पाहिले. लहान त्रिकोण म्हणजे लहान गुण्याच, काय फायदा?

आता वजाबाकीवालं. कृषी खात्याचे एक साहेब सांगून गेले की त्रिकोणी पद्धतीनं लावा, झाडं जास्त बसतात. म्हणजे प्रत्येक झाड शेजारच्यापासून सहा मीटरच, पण दुसऱ्या ओळीतलं झाड पहिल्या ओळीतल्या दोन झाडांच्या मधोमध. मग ओळीतलं अंतर किती ठेवायचं? कर्ण ६, पाया ३, ३६ मधून ९ गेले २७, मूळ ५.१९६. म्हणजे ५ मीटर २० सेंटिमीटर धरा. चौरसात हेक्टरी २७७ झाडं, या पद्धतीत ३२०. हिशेब चांगला आहे. पण मी चौरसच ठेवली, कारण वखर आडवा-उभा दोन्हीकडून चालतो. त्रिकोणीत आडवा चालवायला गेलं की बैल झाडात.


पुण्यातला_नागपूरकर | ११ मे, रात्री ९:०२

काका, प्रतिसाद जपून ठेवला.

मोठ्या त्रिकोणांवरून आठवलं. साऱ्या हिंदुस्थानची मोजणी त्रिकोण जोडत जोडत झाली, १८०२ मध्ये मद्रासला साडेसात मैलांची पायारेषा मोजून सुरुवात. ती सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली वारला तो आपल्या हिंगणघाटला, नागपूरच्या वाटेवर असताना. नागपुरात सीताबर्डीवरून जाताना झिरो माईल स्मारकाचे घोडे सगळे बघतात, हिंगणघाटचा लॅम्बटन कोणाला आठवत नाही.


निवृत्त_मास्तर | ११ मे, रात्री ९:३०

छान आठवण काढलीत. फक्त एक, तिथे काटकोन हाताशी नसायचा. ते एक बाजू आणि दोन कोन मोजायचे आणि बाकी बाजू त्रिकोणमितीने काढायचे. पायथागोरसला काटकोन लागतोच. काटकोन नसेल तर हे सूत्र वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या किल्लीने आपलं कुलूप उघडणं.


गच्चीवाला | १२ मे, सकाळी ७:२०

मंडळी, घोटाळा झाला. आज पहाटे ऊन चढायच्या आत मी आणि मुलगी गच्चीवर गेलो. भिंतीवर १० फुटांवर खिळा, पॅरापेटकडे ७ फुटांवर पाइप आधीच उभा केलेला आहे, त्याच्या टोकाला दोरी. ताणून बांधली आणि टेपने मोजली.

१२ फूट ९ इंच!

दोनदा मोजली. १२ फूट साडेचार इंच यायला हवी होती. मुलीचा चेहरा पडला आहे आणि वेल्डिंगवाला "मी सांगितलं होतं ना १३" म्हणून मिशीत हसतोय. प्रमेय चुकलं म्हणायचं का?


तर्रीपोहे | १२ मे, सकाळी ७:२६

पायथागोरस ग्रीसचा माणूस. आपल्या ४५ डिग्रीत त्याचं सूत्र पसरलं असणार.


पुण्यातला_नागपूरकर | १२ मे, सकाळी ८:१०

हसू नका, टेप खरंच पसरते. पण किती ते पाहिलं. पोलादी टेप २० अंशांनी तापली तर १२ फुटांत वाढते इंचाचा साधारण तिसावा भाग. सुतात सांगायचं तर पाव सूत. साडेचार इंच पळवायला सूर्य गच्चीवर उतरावा लागेल.


सिव्हिलवाली | १२ मे, सकाळी ८:५५

थांबा, प्रमेयालाच विचारू कोण खोटं बोलतंय.

दादा, तुमचा कर्ण आता मोजलेला आहे: १२ फूट ९ इंच म्हणजे १२.७५. त्याचा वर्ग १६२.५६. दोरी ताणलेली होती आणि दोनदा मोजली, म्हणून मी हा आकडा खरा धरते. मग उरलेल्या दोघांपैकी एक माप चुकलंय.

समजा पाया १२ च बरोबर आहे. मग उतार किती असायला हवा? १६२.५६ − १४४ = १८.५६, मूळ ४.३१, म्हणजे ४ फूट पावणेचार इंच. तुम्ही ३ म्हणताय. उंचीत सव्वा फुटाहून जास्त चूक? तुम्ही डोळ्यांनीच पकडली असती.

आता समजा उतार ३ च बरोबर. मग पाया: १६२.५६ − ९ = १५३.५६, मूळ १२.३९, म्हणजे १२ फूट पावणेपाच इंच. म्हणजे पायात पावणेपाच इंच कुठेतरी लपलेत.

पावणेपाच इंच म्हटलं की बांधकामवाल्याला एकच गोष्ट आठवते. साडेचार इंची भिंत, वर प्लास्टर. दादा, १२ फूट तुम्ही पॅरापेटच्या आतल्या कडेपर्यंत मोजले का? आणि पाइप बाहेरच्या कडेला उभा आहे का?


गच्चीवाला | १२ मे, सकाळी ९:०४

...

होय.


गच्चीवाला | १२ मे, सकाळी ९:११

सविस्तर लिहितो, आत्ता हसू आवरलं. १२ फूट मी मागच्या महिन्यात टाइल्स मोजताना घेतले होते, पॅरापेटच्या आत. तेच डोक्यात राहिले. पाइप बाहेरच्या कडेला लावलाय, प्लेट बाहेरून मारली म्हणून. आत्ता टेप लावून पाहिलं: १२ फूट ४ इंच ६ सूत. ताईंचे पावणेपाच इंच, एक सूत इकडेतिकडे नाही. तुम्ही गच्चीवर न येता भिंतीची जाडी सांगितलीत!

मुलीने वही आणून हे सगळं उतरवून घेतलंय. तिचं म्हणणं, "पुस्तकात एवढंच का देत नाहीत?"


ओळंबा | १२ मे, दुपारी १२:३०

वडील गवंडी होते, मी ठेकेदारी करतो. सिव्हिलवाल्या ताईंनी बरोबर पकडलं, त्यात एक गोष्ट जोडतो जी कामावर रोज लागते. उतारात दोन-तीन इंच इकडेतिकडे झाले तर पत्र्याच्या लांबीला ते जाणवतसुद्धा नाही. गच्चीला पाण्यासाठी ढाळ असतो, म्हणजे ७ फूट कुठून मोजले यावर दोन इंच सहज फिरतात. ३ फुटाचा उतार ३ फूट २ इंच झाला तर लांबी जेमतेम अर्धा इंच वाढते. पण पाया चार इंच चुकला तर लांबी जवळजवळ चार इंचच चुकते. म्हणून मी पोरांना सांगतो, आडवं माप दोनदा घ्या, उंचीचं एकदा पुरे.

आता दादा, माझा प्रश्न. गच्ची काटकोनात आहे का? आतून १२ बाय १६ असेल तर तुमचं नशीब थोर, तिरपं माप बरोबर २० फूट भरायला पाहिजे. १४४ आणि २५६, ४००. तीन-चार-पाचाची चौपट. दोन्ही तिरपी मापं घ्या आणि सांगा.


गच्चीवाला | १२ मे, संध्याकाळी ६:५०

एक तिरपं २० फूट ३ इंच. दुसरं १९ फूट ९ इंच.

घर माझ्या नावावर आहे आणि आज कळतंय की ते वाकडं आहे.


ओळंबा | १२ मे, संध्याकाळी ७:१५

घाबरू नका, जुन्या प्लॉटवर हे चालतंच. समोरासमोरच्या भिंती सारख्याच आहेत, फक्त चौकट एका बाजूला कललीय, आगपेटीचं कव्हर दाबल्यासारखी. किती कलली ते काढतो. २०.२५ चा वर्ग ४१०.०६, त्यातून १४४ गेले २६६.०६, मूळ १६.३१. म्हणजे १६ च्या वर पावणेचार इंच. दुसऱ्या तिरप्यानेही तेवढंच येतं, उलट बाजूला.

म्हणजे भिंतीपासून १२ फूट पुढे जाईपर्यंत पॅरापेट पावणेचार इंच सरकलंय. फ्रेम पॅरापेटला धरून बनवली तर पत्रे एकमेकांवर नीट बसणार नाहीत, करवतीच्या दातांसारखी कड दिसेल. फ्रेम काटकोनातच बनवा, गच्ची वाकडी तर वाकडी. एका बाजूला पत्रा थोडा जास्त बाहेर दिसेल, तो फक्त शेजाऱ्याला दिसेल.

वेल्डिंगवाल्याने फ्रेम जमिनीवर टाकली की टाके पक्के मारायच्या आधी दोन्ही तिरपी मापं घ्यायला लावा. सारखी असतील तरच पक्का टाका.


दहावीची_आई | १२ मे, रात्री ८:२२

ओळंबा भाऊ, पण फ्रेमचं तिरपं माप किती यायला हवं? २० नाही ना, फ्रेम तर उतरती असणार.


निवृत्त_मास्तर | १२ मे, रात्री ८:४५

वा ताई! हा प्रश्न परीक्षेत विचारला तर अर्धा वर्ग अडकेल.

फ्रेमची एक बाजू १६, दुसरी गच्चीवरची १२ नव्हे, तिरपी १२ फूट ९ इंच. दोन्ही फ्रेमच्याच पातळीत आहेत आणि एकमेकींना काटकोनात आहेत. मग १६२.५६ + २५६ = ४१८.५६. मूळ २०.४६. ०.४६ गुणिले १२, साडेपाच इंच. दोन्ही कर्ण २० फूट साडेपाच इंच भरले पाहिजेत.

मजा बघा, १६२.५६ स्वतः दोन वर्गांची बेरीज होती, पाया आणि उतार. म्हणजे इथे लांबी, रुंदी, उंची अशा तीन वर्गांची बेरीज झाली. खोलीच्या जमिनीच्या एका कोपऱ्यातून छताच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणायची तर असंच करावं लागतं, प्रमेय दोनदा.


अभिमानी_भारतीय | १२ मे, रात्री ११:१०

सगळा धागा "पायथागोरस, पायथागोरस" करून राहिला आहे. हे आपल्या बौधायनाने शुल्बसूत्रात आधीच सांगितलं होतं. लाज वाटली पाहिजे.


निवृत्त_मास्तर | १३ मे, सकाळी ६:००

लाज कसली, अभिमानाने सांगा, पण नीट सांगा. बौधायनाचं सूत्र असं आहे: "दीर्घचतुरश्रस्याक्ष्णयारज्जुः पार्श्वमानी तिर्यङ्मानी च यत्पृथग्भूते कुरुतस्तदुभयं करोति." आयताच्या कर्णाची दोरी जेवढं क्षेत्र देते, तेवढंच त्याची लांबी आणि रुंदी वेगवेगळी मिळून देतात. दोरी हा शब्द पाहा. यज्ञवेदी आखणाऱ्यांचं हे ज्ञान आहे, काटोलकर काकांच्या खुंट्यांचं सख्खं. आणि त्याहीआधीची, इसवी सनापूर्वी १८०० च्या सुमाराची, बाबिलोनची मातीची पाटी आहे जिच्यावर अशी त्रिकुटं कोरलेली आहेत. ज्याला दोरी आणि जमीन मिळाली त्याला हे सापडत गेलं.

भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. त्यात तर धाग्याचं सारं काम एका ओळीत आहे: "तत्कृत्योर्योगपदं कर्णः." कृती म्हणजे वर्ग, योग म्हणजे बेरीज, पद म्हणजे मूळ. पुढे लगेच वजाबाकीही दिली आहे, कर्ण आणि एक बाजू माहीत असताना दुसरी काढायची. दहावीच्या मुलासारखी चूक होऊ नये याची काळजी त्यांनीही घेतली होती म्हणायचं.

मुलांना त्यातलं एक देतो. ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. किती उंचीवर मोडला? इथे एकच बाजू माहीत आहे, पण उरलेल्या दोघींची बेरीज माहीत आहे.


तर्रीपोहे | १३ मे, सकाळी ९:४०

१२ हात. १२ आणि २० मिळून ३२. खालचा उभा १२, पडलेला १६, तिरपा २०. पुन्हा गच्चीवालेंचीच गच्ची! सर, मी चेष्टा करत असलो तरी शाळेत गेलो होतो.


काटोलकर_बागाईतदार | १३ मे, सकाळी १०:१५

कसं काढलं ते सांग ना बाप्पा. उत्तर तर मीही घोकू शकतो.


तर्रीपोहे | १३ मे, सकाळी १०:३२

खालचा तुकडा क्ष धरा. वरचा ३२ वजा क्ष, तोच कर्ण. क्ष चा वर्ग अधिक २५६ बरोबर ३२ वजा क्ष चा वर्ग. उजवीकडे उलगडलं की १०२४ वजा ६४ क्ष अधिक क्ष वर्ग. क्ष वर्ग दोन्हीकडून उडाला. ६४ क्ष बरोबर ७६८. क्ष १२. आता माझा ठेला उघडायची वेळ झाली.


गच्चीवाला | २७ मे, रात्री ९:१८

धागा वर काढतोय. शेड झालं.

पत्रा शेवटी १३ फूट ६ इंच सांगितला: १२ फूट ९ इंच तिरपे, पुढे सहा इंच बाहेर, भिंतीकडे तीन इंच. पाच पत्रे लागले. वेल्डिंगवाल्याच्या १३ ने काम भागलं असतं, पण पुढे फक्त तीन इंच उरले असते आणि पाणी पॅरापेटवर ठिबकलं असतं. त्या माणसाला मी चहा पाजला. कागद न वापरता त्याचं बोट खऱ्या मापाच्या तीन इंच जवळ पडलं होतं, माझं सव्वादोन फूट लांब.

फ्रेम गल्लीत टाकली होती. मुलीने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. पहिला कर्ण २० फूट सव्वासहा, दुसरा २० फूट पावणेपाच. वेल्डिंगवाला म्हणाला चालतंय. मुलगी म्हणाली नाही चालत. त्याने लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोड्याचे दोन ठोके दिले, पुन्हा मोजलं, साडेपाच आणि साडेपाच. मग पक्के टाके.

काल संध्याकाळी वावधन आलं, समोरच्यांचं होर्डिंग फाटलं. आमचा पत्रा नुसता वाजला.

मास्तर, तिने वेळूचं करून मोराचंही काढलं, लीलावतीतलंच. ९ हात खांबावर मोर, खांबाच्या तळाशी बीळ, २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय, मोर झेप घेतो आणि दोघांनी सारखंच अंतर कापलेलं असतं. साप बिळापासून १२ हातांवर सापडला. पडताळाही केलाय, दोघांचे १५-१५ हात. पण आता ती विचारतेय की साप आणि मोर सारख्याच वेगाने कसे जातील?


निवृत्त_मास्तर | २८ मे, सकाळी ६:०२

श्लोकातच "साम्येन गत्योः" म्हणून अट घातली आहे, तिला दाखवा. पटली नाही तर मोराचा वेग सापाच्या दुप्पट धरून पुन्हा सोडवायला सांगा. मीही बसतो आज.


तर्रीपोहे | २८ मे, सकाळी ६:४०

मास्तर, क्ष वर्ग उडत नाही हो यात.